वारा, वावर आणि करार

(कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचा विषय मी मुद्दाम लांबचा निवडला आहे: ऑस्ट्रेलियातल्या पवनचक्क्या. कामरगावात बसून ऑस्ट्रेलियाच्या वाऱ्याशी आपलं काय देणंघेणं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण तिथल्या काही मोठ्या पवन प्रकल्पांत फिरणारी यंत्रं पुण्यात मुख्यालय असलेल्या एका कंपनीची आहेत. त्याच कंपनीची यंत्रं आपल्या सातारा, सांगली आणि धुळे जिल्ह्यांतल्या पठारांवरही उभी आहेत. कंपनी एक, धंदा एक. पण यंत्राखालच्या जमिनीच्या धन्याला काय मिळालं, याचं उत्तर मात्र दोन ठिकाणी वेगळं येतं. तो फरक कशाने पडला, हे समजून घेणं आपल्या उपयोगाचं आहे. कारण विजेसाठी जमीन मागणारी माणसं आता विदर्भातल्या गावांतही येऊ लागली आहेत.

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची राजधानी ॲडलेड. तिच्या उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर हॅलेट नावाचं लहानसं गाव आहे. मुलूख मेंढ्यांचा आणि गव्हाचा. १८६५ साली तिथल्या सरकारचा सर्व्हेअर जनरल जॉर्ज गॉयडर याने दुष्काळात घोड्यावरून हिंडून नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला गहू पेरा, उत्तरेला पेरू नका, पाऊस दगा देईल, असं त्याने सांगितलं. पुढची काही वर्षं पाऊस चांगला झाला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, रेघ ओलांडली, दगडी घरं बांधली. १८८० च्या दशकात दुष्काळ आला आणि माणसं घरं टाकून परतली. ती पडकी घरं आजही तिथे दिसतात. हॅलेट हे त्या रेघेजवळचं गाव. गॉयडरच्या रेघेवर वर्षाला जेमतेम अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. वाशीम जिल्ह्यात त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. म्हणजे कोरडवाहू हा शब्द आपल्यापेक्षा त्यांना जास्त लागू पडतो.

या गावाजवळच्या डोंगररांगांवर एजीएल या ऑस्ट्रेलियन वीज कंपनीने २००८ ते २०१२ या काळात चार पवन प्रकल्प उभे केले. ब्राउन हिलवर ४५ यंत्रं, हॅलेट हिलवर ३४, नॉर्थ ब्राउन हिलवर ६३ आणि ब्लफवर २५. एकूण १६७. प्रत्येक यंत्र २.१ मेगावॉटचं आणि सगळी सुझलॉन कंपनीची. न्यू साउथ वेल्स राज्यात बंजेंडोर गावाजवळ, लेक जॉर्जच्या काठच्या टेकड्यांवर कॅपिटल विंड फार्म आहे. तिथली ६७ यंत्रं आणि शेजारच्या वुडलॉन प्रकल्पातली २३ यंत्रं, तीही सुझलॉनचीच. हे दोन्ही प्रकल्प इन्फिजेन एनर्जी या कंपनीचे होते. २०२० मध्ये स्पेनच्या इबेरड्रोलाने इन्फिजेनच विकत घेतली. कॅपिटलची वीज एका वेगळ्या कामासाठी बांधून घेतलेली होती. सिडनीत समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. त्याला लागेल तेवढी वीज वाऱ्यापासून तयार करायची, या अटीवर हा प्रकल्प उभा राहिला.

यंत्राबद्दल थोडं सांगतो. त्याच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ८८ मीटर. हिशेब केला तर ते वर्तुळ सुमारे दीड एकराचं भरतं. म्हणजे एक यंत्र आकाशातल्या दीड एकरातून जाणारा वारा अडवतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून पवनचक्की कुठे बसवायची, हा या धंद्यातला पहिला आणि सगळ्यात महागडा प्रश्न. जागा चुकली तर यंत्र कितीही चांगलं असो, काही उपयोग नाही. २.१ मेगावॉटचं यंत्र वर्षभरात आपल्या क्षमतेच्या ३५ टक्के चाललं तर सुमारे ६४ लाख युनिट वीज देतं. २० टक्केच चाललं तर ३७ लाखांच्या आत. लोखंड तेवढंच, खर्च तेवढाच, उत्पन्न मात्र निम्म्याहून थोडंच जास्त.

आता सुझलॉन या कंपनीविषयी. तुलसी तांती हे मूळचे राजकोटचे, कापडधंद्यातले. विजेचं बिल नफा खाऊन टाकतं म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि पुढे तोच धंदा धरला. १९९५ मध्ये सुझलॉन सुरू झाली. मुख्यालय पुण्यात, हडपसरला. २००५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि मध्यमवर्गीय मराठी घरांतूनही त्यांची खरेदी झाली. २००६ मध्ये तिने गिअरबॉक्स बनवणारी बेल्जियमची हॅन्सन कंपनी घेतली आणि २००७ मध्ये जर्मनीच्या आरई-पॉवरवर ताबा मिळवला. भारतीय कंपनी युरोपातली तंत्रज्ञानाची कंपनी विकत घेते, याचं तेव्हा मोठं कौतुक झालं. पण सगळं कर्जावर चाललं होतं. त्यातच अमेरिकेला पाठवलेल्या पात्यांना तडे गेले. २००८ मध्ये कंपनीने १,२५१ पाती दुरुस्त करून देण्याचं जाहीर केलं. जगभर मंदी आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे सुमारे २० कोटी डॉलर कंपनीला वेळेवर फेडता आले नाहीत. २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकावी लागली. तांतींचं ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन झालं. कंपनी कर्जातून बाहेर आली ती त्यानंतर. ज्यांनी चढ्या भावाने शेअर घेतले होते, त्यांना या चढउताराची किंमत माहीत आहे.

पण हॅलेटची यंत्रं या काळातही फिरत राहिली, कारण तिथे यंत्र बनवणारा, बसवून घेणारा, मालक आणि वीज विकत घेणारा, हे सगळे वेगवेगळे आणि कराराने बांधलेले होते. एजीएलने प्रकल्प उभे केले, ते गुंतवणूकदारांना विकले आणि चालवण्याचं काम व वीज खरेदीचा हक्क स्वतःकडे ठेवला. ऑस्ट्रेलियात २००१ पासून असा कायदा आहे की वीज विकणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक हिस्सा नवीकरणीय स्रोतांतून घेतलाच पाहिजे. प्रत्येक मेगावॉट-तासामागे, म्हणजे हजार युनिटांमागे, एक प्रमाणपत्र मिळतं आणि ते बाजारात विकता येतं. पातं फिरलं आणि वीज निघाली, तरच पैसा. बंद यंत्राला कुणी दमडी देत नाही.

आपल्याकडे सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. महाराष्ट्रात पहिला पवन प्रकल्प १९८६ मध्ये देवगडला झाला, छोट्या यंत्रांचा. खरी भर पडली ती नव्वदच्या दशकाअखेर. साताऱ्यातलं वनकुसवडे, चाळकेवाडी, सांगलीतलं ढालगाव, धुळ्यातलं ब्राह्मणवेल ही नावं तेव्हापासून पुढे येत गेली. पण या यंत्रांत पैसा घालणारे अनेक जण वीजधंद्यातले नव्हतेच. कुणाचा वाहनांचा कारखाना, कुणाचा औषधांचा. पवनचक्की घेतली की तिची जवळजवळ सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता येई आणि तेवढा आयकर वाचे. आधी १०० टक्के, पुढे ८० टक्के. राज्याने विक्रीकरातही सवलत दिली. घसाऱ्याची ही सवलत २०१२ मध्ये थांबली आणि २०१४ मध्ये परत आली.

या सवलतीने पवनचक्क्या वाढल्या, हे मान्य केलं पाहिजे. राज्याची पवन क्षमता आज पाच हजार मेगावॉटच्या घरात आहे, त्यात तिचा वाटा मोठा. पण तिने एक खोड लावली. बक्षीस यंत्र बसवण्याला मिळालं, ते फिरवण्याला नाही. कर वाचला की मालकाचं निम्मं काम झालं. मग वारा मध्यम असलेल्या जागीही यंत्रं बसली. केंद्राने २००९ मध्ये युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन सुरू केलं, तेव्हा कुठे उत्पादनाकडे लक्ष गेलं. साताऱ्याच्या पठारावर आज जुनी, लहान यंत्रं उत्तम वाऱ्याची जागा अडवून उभी आहेत. ती काढून मोठी बसवावीत म्हणून २०१६ मध्ये धोरण आलं, २०२३ मध्ये ते सुधारलं, पण काम संथ आहे. कारण एका पठारावर शंभर मालक आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

मंडळी, आता मुख्य मुद्दा, जमिनीचा.

ऑस्ट्रेलियात पवन कंपनी सहसा शेतकऱ्याची जमीन विकत घेत नाही. ती मक्त्याने घेते, पंचवीस-तीस वर्षांसाठी. यंत्राचा पाया, जाण्यायेण्याचा रस्ता आणि उपकेंद्र एवढीच जागा अडते. बाकी वावरात गहू पिकतो, मेंढ्या चरतात. दर यंत्रामागे दरवर्षी ठरलेलं भाडं मिळतं. पाऊस दगा देतो तिथे, लोकर आणि गव्हाचा भाव पडला तरी, हे भाडं चुकत नाही. ज्या मुलखात गॉयडरने पेरू नका म्हणून सांगितलं होतं, त्या मुलखाच्या काठावर शेतकऱ्याला दुष्काळातही टिकणारं एक उत्पन्न मिळालं.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कंपनीने किंवा तिच्या वतीने मध्यस्थाने जमीन थेट विकत घेतली. डोंगरमाथ्याची मुरमाड, वरकस जमीन. शेतकऱ्याला वाटलं, हिला कोण विचारतंय. एकदा पैसे मिळाले, घरात लग्न झालं, कर्ज फिटलं, संपलं. नंतर वीस-पंचवीस वर्षं त्याच जमिनीवरून वीज विकली गेली, तिच्याशी शेतकऱ्याचा संबंध उरला नाही. धुळ्याच्या साक्री तालुक्यात तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. जमीन वनखात्याची, पिढ्यान्पिढ्या कसणारे आदिवासी, त्यांच्या नावावर सातबारा नाही आणि पवनचक्कीला मात्र परवानगी. त्यातून आंदोलनं उभी राहिली, ती कुणी भडकवली म्हणून नव्हे.

आणि एक अलीकडची गोष्ट सांगायला मन कचरतं, पण सांगायला हवी. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जेचा प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीकडे खंडणी मागितली गेली आणि त्या वादातून हे घडलं, असा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. एवढंच म्हणतो की जिथे करार उघड नसतो, कुणाला किती मिळतं हे गावाला माहीत नसतं, तिथे कंपनी आणि गाव यांच्या मधल्या जागेत दलाल शिरतो आणि दलालामागून गुंड येतो. स्वच्छ ऊर्जा म्हटल्याने व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

म्हणजे ऑस्ट्रेलियात सगळं आलबेल आहे, असंही नाही. त्यांनाही धडे घ्यावे लागले. पहिला धडा शेजाऱ्यांचा. ज्याच्या वावरात यंत्र आहे त्याला भाडं मिळतं. ज्याच्या धुऱ्यापलीकडे यंत्र आहे त्याला फक्त आवाज ऐकू येतो. या शेजाऱ्यांचा राग तिथे फार वाढला. आजारपणाच्या तक्रारी झाल्या. २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने सगळा पुरावा तपासून सांगितलं की पवनचक्क्यांमुळे आजार होतो याचा सुसंगत पुरावा नाही. पण तक्रारी कुणीतरी ऐकल्याच पाहिजेत म्हणून त्याच वर्षी राष्ट्रीय पवनऊर्जा आयुक्त नेमला गेला. पुढे अनेक कंपन्यांनी शेजाऱ्यांनाही वार्षिक रक्कम द्यायला सुरुवात केली आणि गावासाठी निधी ठेवला. शहाणपण उशिरा आलं, पण आलं.

दुसरा धडा २८ सप्टेंबर २०१६ चा. त्या दिवशी दक्षिण ऑस्ट्रेलियात चक्रीवाताने वीजवाहिन्यांचे वीसहून अधिक मनोरे पाडले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली. चौकशीत निघालं की तारा पडल्यावर विजेचा दाब वारंवार खाली गेला, तेव्हा नऊ पवन प्रकल्पांनी स्वतःच्या संरक्षणासाठी एकाएकी निर्मिती घटवली. त्यांत हॅलेटचेही होते. यंत्रातली एक मर्यादा अशी ठरवलेली होती, आणि ती वीजजाळं चालवणाऱ्यांना माहीतच नव्हती. नियामकाने कंपन्यांना न्यायालयात खेचलं. हॅलेटच्या प्रकल्पांबद्दल एजीएलला ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्याच राज्यात २०१७ च्या अखेरीस हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॉटची बॅटरी बसली, तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी. त्या राज्यातलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, पोर्ट ऑगस्टाचं, मे २०१६ मध्येच बंद झालं होतं. लोक म्हणाले, कोळसा परत आणा. पण नियम सुधारले गेले, बॅटरी वाढवली गेली, आणि आज तिथली सुमारे सत्तर टक्के वीज वारा आणि उन्हापासून येते.

तिसरा धडा यंत्राच्या शेवटाचा. व्हिक्टोरिया राज्यातला कॉड्रिंग्टन हा २००१ चा प्रकल्प आता मोडीत काढायचं ठरलं आहे. करार संपल्यावर पाया कोण उकरणार, पाती कुठे जाणार, जमीन पूर्ववत कोण करणार? ज्यांच्या करारात हे लिहिलेलं आहे, ते शेतकरी निश्चिंत आहेत.

आता कामरगावकडे येऊ.

आपल्या भागात मोठ्या पवनचक्क्या येण्याची शक्यता कमी. विदर्भात वारा मंद. चिखलदऱ्याजवळ मोथ्याला उंचीचा फायदा घेऊन एक छोटा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला, त्यापलीकडे फारसं काही नाही. शिवाय सह्याद्रीतला वारा जोर धरतो तो जून ते सप्टेंबर, पावसाळ्यात. आपल्याला वीज हवी असते ती नोव्हेंबर ते जानेवारीत, हरभरा आणि गव्हाच्या ओलितासाठी. तेव्हा तिथली पाती मंदावलेली असतात, आणि इथला शेतकरी रात्री बाराला थ्री फेज आली म्हणून बॅटरी घेऊन विहिरीवर जातो. साप, विंचू, रानडुक्कर यांची भीती घेऊन.

त्यावर उपाय म्हणून ऊन आलं आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प, त्याची वीज दिवसा शेतीला. खासगी जमीन दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू वावरात सोयाबीन एकरी सहा-सात क्विंटल झालं आणि २०२४ च्या हंगामाचा ४,८९२ रुपये हमीभाव मिळाला, तरी एकूण हातात तीस-पस्तीस हजार येतात. त्यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी वजा करा. भाडं किती मोठं आहे ते लक्षात येईल. आणि इथे जमीन विकायची नाही, मक्त्याने द्यायची आहे. ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याला जे मिळालं आणि साताऱ्यातल्याला मिळालं नाही, ते इथे नियमातच लिहिलेलं आहे.

तरी दोन गोष्टी विसरू नका. पवनचक्कीखाली पीक घेता येतं. सौर पट्ट्यांखाली वावर सगळंच गुंततं. धन्याला भाडं मिळेल, पण त्याच वावरावर निंदणाला, सोंगणीला येणाऱ्या बायांची मजुरी बुडेल. ठोक्याने किंवा बटईने ते वावर करणाऱ्याचा तर कागदावर उल्लेखही नसेल. या योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. तो पैसा कमानीवर आणि पेव्हर ब्लॉकवर घालवायचा की ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी वापरायचा, हे ग्रामसभेने ठरवायचं आहे. दुसरी गोष्ट, प्रकल्पासाठी गायरान सुचवलं जाईल. आपल्या तालुक्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, हा समज आपण तरी बाळगू नये. तिथे गुरं चरतात, काळवीट चरतो. सरकारी नकाशावर तो माळ रिकामा दिसला, तरी तो रिकामा नसतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वारा आणि ऊन फुकट आहेत. त्यांचं मोल ठरतं ते करारात. पुण्याच्या कंपनीचं यंत्र हॅलेटच्या शेतकऱ्याला दुष्काळात आधार झालं आणि आपल्या पठारावरच्या शेतकऱ्याला एकदाचे पैसे देऊन दूर झालं. यात दोष यंत्राचा नाही, वाऱ्याचाही नाही. एका ठिकाणी शेतकरी करारात भागीदार होता, दुसऱ्या ठिकाणी तो फक्त विकणारा होता.

म्हणून, उद्या तुमच्या दारात कुणी जमीन मागायला आलं, तर त्याला हाकलू नका आणि लगेच सहीही करू नका. विक्रीपत्र नको, भाडेपट्टा मागा. करार मराठीत मागा. भाडं किती, वाढ किती, कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर भाडं कोण देणार, मुदत संपल्यावर लोखंड आणि काँक्रीट काढून जमीन कोण मोकळी करून देणार, या चारही प्रश्नांची उत्तरं कागदावर घ्या. तो कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचा, वावराच्या धन्यासमोर, बटईदारासमोर आणि मजूर बायांसमोर. मगच सही करा.